झगमगाटाचे मोजमाप

इंदूर मराठी माणसाला परके नाही. होळकरांच्या या नगरीत अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्यांची मिरवणूक निघते. गिरण्या बंद पडल्या तरी ती प्रथा टिकली आणि अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरापासून राजवाड्यापर्यंतचे इंदूरकर आजही त्या रोषणाईसाठी रात्र जागवतात. याच इंदुरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. आज राजा रामण्णा यांचे नाव धारण करणारी ही संस्था लेसर किरणांच्या संशोधनात देशात अग्रगण्य आहे. प्रयोगशाळेत जो किरण संरक्षक चष्मा लावून हाताळावा लागतो, तोच आता मिरवणुकांत आबालवृद्धांच्या उघड्या डोळ्यांवर सोडला जातो, हे आम्हांस चिंताजनक वाटते.

या झोतांत हिरवाच का उठून दिसतो? किरण स्वतः दिसत नसतो. हवेतील धूळ, धूर व बाष्प यांवरून विखुरलेला त्याचा अंश आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून रेघ दिसते. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत ती अधिकच ठळक होते. दुसरे कारण डोळ्यांत आहे. मानवी दृष्टी उजेडात ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते. त्यामुळे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण तेवढ्याच शक्तीच्या ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या किरणाहून सुमारे आठपट तेजस्वी भासतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांचा कल तर निळसर हिरव्याकडे आणखी झुकतो. तिन्हीसांजेला जास्वंदीचे फूल काळवंडते, पाने मात्र काही काळ उजळ राहतात, हे परसात उभे राहून कोणीही पाहावे.

परंतु जे अधिक दिसते तेच अधिक घातक, असे मानणे ही घोर फसगत होय. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण तितक्याच शक्तीच्या हिरव्यापेक्षा हजाराहून अधिक पटींनी फिका भासतो. तो दिपवत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि दृष्टिपटलावरील आघात मात्र चालूच राहतो. स्वस्तातल्या हिरव्या लेसरमधून कधीकधी अवरक्त किरणही निसटतात. ते तर मुळीच दिसत नाहीत. त्यात रात्री डोळ्यांची बाहुली विस्फारलेली असते. म्हणजे दुखापतीचे दार दिवसापेक्षा अधिक उघडे!

२०२३ च्या गणेशविसर्जनानंतर दृष्टिपटल दुखावलेले तरुण महाराष्ट्रातील नेत्रतज्ज्ञांकडे आले. २०२४ साली पुणे पोलिसांनी उत्सवात लेसर झोतांस मनाई केली. हे पाऊल योग्यच होते. मात्र मनाईहुकूम ठरावीक मुदतीचा असतो आणि यंत्र बाराही महिन्यांचे. चतुर्थी सरली की ते लग्नाच्या वरातीत येते, तेथून जत्रेत. विमानतळाच्या आसपास तर आकाशाकडे रोखलेला हिरवा झोत उतरत्या विमानाच्या वैमानिकास ऐन मोक्याच्या क्षणी आंधळा करू शकतो. परंपरेवर घाला आला म्हणून ओरड करणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, लोकमान्यांच्या उत्सवात लेसर केव्हापासून परंपरा झाला?

सर्वसामान्यांच्या दृष्टीस सुरक्षित समजली जाणारी मर्यादा एक मिलिवॅटची आहे, आणि तीही डोळा चटकन मिटला जाईल या भरवशावर. अर्ध्या वॅटच्या पुढील झोत तर सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. हा फरक बंदोबस्तावरील हवालदाराने नुसत्या नजरेने कसा ओळखावा? यंत्राच्या अंगावर तरंगलांबी व शक्ती छापलेली असल्याखेरीज त्याची विक्री होऊ देता कामा नये. भाड्याने देणाऱ्यास परवाना हवा आणि झोत माणसांच्या डोक्यावरून, उंच अंतरावरूनच जावा, असे बंधन हवे. शक्ती मोजण्याचे साधन प्रत्येक जिल्हा पोलिसांकडे असणे ही तर अगदी प्राथमिक गोष्ट. ते कसे वापरावे हे शिकवणारे तज्ज्ञ या देशात आहेत. सरकारने इंदूरला एक पत्र धाडण्याचे तेवढे कष्ट घ्यावेत, तेही पुढील चतुर्थीच्या आधी.