चित्रस्थळ खरे, बोली खोटी

मराठी दैनंदिन मालिकांच्या निर्मितीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वाडा, वेशभूषा आणि कलावंतांचे कष्ट यांपाशी थांबते. चित्रीकरण प्रत्यक्ष गावात झाले, एवढ्यावर मालिकेला वास्तवतेचे प्रमाणपत्र मिळते. हा भ्रम होय. स्थळ भाड्याने मिळते. भाषा मिळत नाही.

मालिकेची संहिता एका लेखकाची नसते. कथा, पटकथा, संवाद यांचे श्रेय अनेकदा भिन्न नावांवर असते. त्यांवर वाहिनीच्या संमतीचा आणि दर आठवड्याच्या टीआरपीचा अंकुश असतो. रोज एक भाग देण्याच्या घाईत बोली ऐकायला सवड उरत नाही. मग तयार साच्यातली 'ग्रामीण' भाषा येते: 'ण'चा 'न' करायचा, वाक्याच्या शेवटी 'की रं' जोडायचे. ही बोली कोणत्याच गावाची नसते.

इंदापूरचा प्रेक्षक या साच्यात स्वतःला कोठे शोधणार? नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे करमाळा; उजनीच्या जलाशयाने उठवलेली गावे, उसाने पालटलेला शेतीव्यवहार. या साऱ्याचे ठसे बोलण्यावर उमटतात. पडद्यावर मात्र त्याची बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. शाळेत तिच्याबद्दल वाटणारी लाज पुढे घरात दृढ होते.

'प्रेक्षकांना कळणार नाही' हा निर्मात्यांचा नेहमीचा बचाव. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यातून आली. तिच्यातील मालवणी संवाद महाराष्ट्रभर ऐकले गेले आणि २०१९ व २०२१ मध्ये पुढचे भागही निघाले. बोली अडसर ठरली नाही. म्हणजे अडचण प्रेक्षकाची नसून व्यवस्थेच्या आळसाची आहे.

समीक्षेचा अपराधही लहान नाही. नीरेच्या दक्षिणेकडील माणदेशातून १९५५ साली 'बनगरवाडी' आली, तेव्हा प्रदेश आणि भाषा यांचे नाते समीक्षेने गंभीरपणे तपासले. मालिका 'लोकप्रिय' म्हणून तो निकष तिला लावायचा नाही, हे सोवळे कशासाठी? कादंबरीच्या वाचकापेक्षा कितीतरी अधिक माणसे रोज हीच संहिता ऐकतात. तेव्हा वाडा कोणत्या गावचा, या प्रश्नाआधी समीक्षेने विचारावे: संवाद कोणाच्या कानाने लिहिले, आणि त्या बोलीचा जाणकार श्रेयनामावलीत आहे काय?