गरम पाण्याचा फंडा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा. बेडरूममध्ये एसी मस्त चालू होता. टॉवेल आणायला ड्राय बाल्कनीत गेलो, तर आउटडोअर युनिटने तोंडावर भट्टीसारखी हवा फेकली. आत बाथरूममध्ये गीझरचा लाल दिवा पेटलेला. आणि माझी ट्यूब पेटली. अरे यार, मी पैसे मोजून घरातली उष्णता बाहेर फेकतोय आणि पुन्हा पैसे मोजूनच पाणी तापवतोय!

हे दोन्ही जोडता येत नाही? येतं. एसी म्हणजे हीट पंपच. तो उष्णता तयार करत नाही, इकडची तिकडे नेतो. लॉर्ड केल्विनने ही आयडिया १८५२ मध्येच मांडली होती. जपानमध्ये २००१ पासून घरोघरी पाणी तापवणारे हीट पंप विकले जातायत.

हिशेब सॉलिड आहे. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला गीझर साधारण साडेतीन युनिट खातो. हीट पंप हवेतली उष्णता उचलतो, म्हणून त्याला एक-सव्वा युनिट पुरतं. युनिटला दहा रुपये धरा, थंडीत महिन्याला सहाशे-सातशे रुपये वाचले.

मग एसीलाच पाण्याची टाकी जोडायची? मी जवळजवळ ऑर्डर देणार होतो. तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, "डिसेंबरमध्ये पहाटे तू एसी लावतोस का?"

विकेट! पुण्यात एसी चालतो एप्रिल-मेच्या रात्री. कढत पाणी हवं असतं डिसेंबरच्या पहाटे. एसीची फुकट उष्णता मिळते तेव्हा तिची गरज कमी, आणि गरज असते तेव्हा एसी बंद. जिथे वर्षभर एसी चालतो आणि गरम पाणीही लागतं, त्या हॉटेलांना हे जमतं. युरोपात घर गरम करणारा हीट पंपच पाणीही तापवतो, कारण तिथे थंडीत दोन्ही एकदम लागतं. टू बीएचकेमध्ये मात्र एसी बंद असतानाही बाहेरच्या हवेवर चालणारं मशीन हवं. म्हणून आम्ही पाण्याचा हीट पंप वेगळाच घेतला.

घेताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. हा गीझर नाही. बटण दाबलं आणि पाच मिनिटांत पाणी, असं होत नाही. टाकी तापायला काही तास लागतात, म्हणून टायमर लावावा लागतो. पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून अधूनमधून ते ६० अंशांपर्यंत तापवावंही लागतं. आणि एकटे राहत असाल, रोज एकच बादली लागत असेल, तर या भानगडीत पडूच नका. मशीन महाग आहे, पैसे वसूल होता होता तुमचं लग्न होईल.

जानेवारीत बाबा राहायला आले. त्यांची आंघोळ पहाटे पाचला, आयुष्यभर. मी रात्री ऐटीत टायमर सेट केला आणि एएमच्या जागी पीएम करून बसलो. सकाळी आठला मी शॉवर सोडला, पाणी बर्फ! धावत हॉलमध्ये गेलो. बाबा आंघोळ करून, स्वेटर घालून पेपर वाचत बसलेले.

"बाबा, पाणी गार होतं ना? उठवायचं ना मला!"

"रात्री उशिरा आलास ऑफिसमधून. म्हटलं, झोपू दे."

त्यांच्या लहानपणी घरात तांब्याचा बंब होता. आजोबा पहाटे चारला उठून तो पेटवायचे, म्हणजे मुलांना कढत पाणी मिळायचं. माझ्याकडे टायमर होता, तरी मला ते जमलं नाही.

आता झोपण्याआधी मी टायमर दोनदा बघतो. बाबा परत गावी गेलेत. वेळ मात्र पहाटे पाचचीच ठेवलीय.