बर्फाची वाट आणि दुकानातली साखळी



मुंबईकराचा आणि थंडीचा परिचय तसा वरवरचाच. सांताक्रूझ येथे आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ या दिवसाचे. रस्त्यावरचे पाणी गोठून त्याची काच होते, हे आपण ऐकून असतो. गाडीच्या चाकाखाली ती काच आल्यावर काय होते, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

असे असूनही गेली काही वर्षे गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील आपली अनेक कुटुंबे नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन हिमाचलात जाऊ लागली आहेत. यामागे एक मोठे कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीजवळचा अटल बोगदा खुला झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवरचा हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. तत्पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडचे लाहौल खोरे हिवाळ्याचे कित्येक महिने जगापासून तुटत असे. आता मनालीहून निघालेली गाडी तासा-दोन तासांत पलीकडच्या सिस्सू गावी पोहोचते. वाट सोपी झाली, परंतु बर्फ पूर्वीचाच राहिला. हा भेद ध्यानात न घेतल्याने गेल्या डिसेंबरात आमच्या घरावर जो प्रसंग ओढवला, तो आज आपणांपुढे मांडतो. त्यात दोष कोणाचा होता, हेही सांगणे मला भाग आहे.

आमचा व्यवसाय नागदेवी स्ट्रीटवर, तीन पिढ्यांचा. साखळ्या, वायर रोप, शॅकल, कप्प्या, हूक हा आमचा माल. माझा पुतण्या पत्नी व चार वर्षांच्या मुलीसह गाडीने मनालीस निघाला. लालबागहून सुमारे १,९०० किलोमीटरचा प्रवास. निघण्यापूर्वी तो मला म्हणाला, "काका, बर्फासाठी चाकांना बांधायची साखळी मिळते, ती घेऊ का? थोडे पैसे जातील." मी हिशेबाच्या वहीतून मान वर न करताच उत्तरलो, "साखळीच्या दुकानातला मुलगा साखळी विकत घेणार? गोदामात तुकडे पडले आहेत, त्यांतले दोन घेऊन जा." त्याने वाद घातला नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून त्याने दोन तुकडे आणि चार बोल्ट डिकीत टाकले.

वास्तविक आमच्या गल्ल्यावर कोणी साखळी मागावयास आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काम कोणते? वजन किती? ओझे उचलावयाचे की नुसते बांधावयाचे? त्याविना आम्ही माल कापून देत नाही, कारण चुकीची साखळी तुटली तर माणूस दगावतो. परक्या गिऱ्हाइकास विचारला जाणारा हा प्रश्न मी घरच्या मुलास विचारला नाही.

सिस्सूस ते पोहोचले तेव्हा आकाश निरभ्र होते. दुपारी दोनच्या सुमारास बर्फ पडू लागले. परतताना बोगदा ओलांडून ते सोलंगच्या दिशेने उतरू लागले, तोवर रस्ता पांढरा झाला होता आणि पुढे गाड्यांची रांग लागली होती. पुतण्याने रस्त्याच्या कडेला, बोटे बधिर झालेली असताना, ते तुकडे पुढच्या चाकांभोवती गुंडाळून बोल्टने आवळले. जेमतेम दोनशे मीटर गाडी गेली असेल. एक तुकडा सैल झाला, त्याचे टोक सुटून चाकाच्या खोबणीत आपटू लागले. आतले प्लास्टिकचे अस्तर फाटले, ब्रेकची नळी थोडक्यात वाचली. घाबरून त्याने ब्रेक दाबला. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ती तिरपी होऊन दरीच्या बाजूस सरकत गेली आणि कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात रुतली. सूनबाई सांगतात की त्या सरकण्यात आवाज अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर वाटले.

मागून आलेल्या एका स्थानिक चालकाने उतरून ते तुकडे पाहिले. त्याने आपल्या गाडीतली जादा साखळी काढली, दहा मिनिटांत चढवली आणि स्वतः गाडी चालवत त्यांना खाली आणून सोडले. त्याने आपल्या कामाचे योग्य तेवढे पैसे घेतले, एक रुपयाही अधिक नाही. जाताना तो एवढेच म्हणाला, "साहेब, ही साखळी ओझे बांधायची आहे, चाकाची नव्हे."

आता ही चाकाची साखळी म्हणजे काय, ते पाहू. मोटारी नव्या होत्या त्या काळी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात चालक चिखल-बर्फात चाकांना दोर गुंडाळीत असत. ते पाहून हॅरी वीड या गृहस्थाने दोराच्या जागी साखळी योजिली आणि १९०४ मध्ये तिचे पेटंट मिळविले. मूळ कल्पना आजही तीच आहे. चाकाच्या आतल्या व बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या दोन दोऱ्या किंवा साखळ्या, त्यांना जोडणाऱ्या व टायरवरून आडव्या जाणाऱ्या कड्या, आणि सर्व ताणून धरणारी कळ. आडव्या कड्या बर्फात रुततात आणि चाकास पकड देतात. आमच्या तुकड्यांत ना आडवी वीण होती, ना ताणून धरण्याची सोय.

या पकडीचे महत्त्व आकड्यांनी लवकर पटेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यानंतर साधारण नऊ-दहा मीटरांत थांबते. निसरड्या बर्फाच्या काचेवर तीच गाडी साठ मीटरांच्या आसपास घसरत जाऊ शकते. साठ मीटर म्हणजे आपल्या लोकलचे जवळजवळ तीन डबे. घाटातल्या वळणावर एवढी जागा कोणाजवळ असते?

यास्तव जे बंधू-भगिनी यंदा जाणार असतील, त्यांनी पुढील गोष्टी घरूनच पाहून निघावे.

पहिली गोष्ट माप. टायरच्या बाजूस १८५/६५ आर १५ अशासारखे आकडे कोरलेले असतात. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ हे रुंदीच्या तुलनेत उंचीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. साखळीच्या पेटीवर नेमके हेच माप असावे. तत्पूर्वी गाडीची पुस्तिका उघडून पाहावी. काही गाड्यांत चाक आणि मडगार्ड यांमधली जागा इतकी कमी असते की निर्माता साखळीस मनाई करतो. अशा वेळी टायरवर चढविण्याचे कापडी आवरण मिळते, पण ते डांबरावर लवकर झिजते.

दुसरी गोष्ट, साखळी कोणत्या चाकांस? इंजिनाची शक्ती ज्या चाकांकडे जाते, त्यांस. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात, काही मोठ्या गाड्यांत मागची. चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत सांगितले असेल तसे करावे. केवळ पुढे साखळी असली तर तीव्र उतारावर गाडीची मागची बाजू फिरू शकते, म्हणून वळणावर वेग अगदीच कमी हवा.

तिसरी गोष्ट सराव. इमारतीच्या आवारात, कोरड्या जमिनीवर, दोनदा साखळी चढवून आणि काढून पाहावी. एकदा हातमोजे घालून, एकदा अंधारात विजेरीच्या उजेडात. गोठलेल्या बोटांनी प्रथमच पेटी उघडणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट वेळ. चाके घसरू लागण्यापूर्वी, सपाट आणि मोकळ्या जागी थांबून साखळी चढवावी. मग पन्नास-शंभर मीटर गाडी चालवून पुन्हा उतरावे व ढील काढावी. बहुतेक साखळ्यांस ताशी ५० किलोमीटर ही वरची मर्यादा असते, घाटात त्याच्या निम्मी बरी. डांबर दिसू लागताच साखळी काढावी, अन्यथा टायर, कड्या आणि रस्ता तिन्ही बिघडतात. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे. ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सिलरेटर यांपैकी कशालाही झटका देऊ नये.

साखळीखेरीज आणखी एक मुंबईकरी सवय सांभाळावी. आपण रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओततो. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनचे बीड फोडू शकते. निघण्यापूर्वी योग्य कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणीही काढून टाकावे. रात्री गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकांस दगड लावावेत, कारण ओढलेला हँडब्रेक थंडीत जागीच गोठून बसतो.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमधून वीसहून अधिक पर्यटक मृत्यू पावले. त्यांत लहान मुलेही होती. बर्फाखाली गाडलेल्या सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्यास ना रंग, ना वास. ऊब मिळावी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवणारे कुटुंब झोपेतच जाते. म्हणून अडकल्यास आधी उतरून सायलेन्सरभोवतीचे बर्फ फावड्याने दूर करावे, इंजिन तासाला दहाएक मिनिटेच चालवावे, एक काच बोटभर उघडी ठेवावी, आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. डिकीत घोंगड्या, पाणी, खाकरा, सुकामेवा असावा. आपल्याकडे अनेकांस सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य असते. डोंगरात डिसेंबरचा दिवस लवकर मावळतो, म्हणून चारच्या सुमारासच जेवून घ्यावे. रांग लागली म्हणजे वेळ आपल्या हाती राहत नाही. आमच्या मंडळींनी वहिनींनी दिलेले ठेपले गाडीतच वेळेत खाल्ले होते, एवढे एक बरे झाले.

बर्फवृष्टीच्या दिवशी तेथील पोलीस पुष्कळदा केवळ चारही चाके ओढणाऱ्या किंवा साखळी असलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात, कधी कोणालाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार वाहने अडकली होती. त्यामुळे अडविले गेल्यास वाद न घालता माघारी फिरावे. "एवढ्या दुरून आलो आहोत" हे वाक्य बर्फास ऐकू येत नाही. आपली गाडी खाली ठेवून त्या वाटेवर रोज चालणाऱ्या स्थानिकाची गाडी करणे, हा तर अनेकदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

कोणी म्हणेल, वर्षातून दोन दिवसांच्या उपयोगासाठी एवढा खर्च कशाला? हा प्रश्न मीच विचारला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. गोदामाचा आगीचा विमा आपण दरसाल उतरवतो. वर्ष सुखरूप गेले म्हणून हप्ता बुडाला, असे कोणी वहीत लिहीत नाही. काटकसर हा आपला पिढीजात गुण आहे आणि तो मला प्रिय आहे. परंतु वस्तूचे काम न पाहता केवळ तिची किंमत पाहणे, यास काटकसर म्हणत नाहीत.

पुतण्या परतला त्या रात्री मी त्याच्या घरी गेलो. घडलेले त्याने शांतपणे सांगितले. माझ्या शब्दाचा उल्लेखही केला नाही. मुलगी शेजारी चित्र काढीत बसली होती. मीच म्हणालो, "चूक माझी झाली. तू विचारलेस तेव्हा मी ऐकून घ्यावयास हवे होते." तो म्हणाला, "काका, मीही तुम्हांस पुन्हा विचारावयास हवे होते." घरातल्या मोठ्यांनी एकदा बोलले की लहानांनी पुन्हा विचारू नये, अशी आपल्याकडची रीत. ज्या गोष्टीत जिवाचा प्रश्न आहे, तेथे ती रीत थोडी सैल करावी, असे मला आता वाटते. मोठ्यांनीच लहानांस सांगून ठेवावे, की अशा वेळी दुसऱ्यांदा अवश्य विचारा.

ते दोन तुकडे पुतण्याने परत आणले होते. ते मी गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर टांगून ठेवले आहेत. गिऱ्हाईक विचारतात, हे विकावयाचे आहेत काय? मी नाही म्हणतो. या नाताळात पुतण्या पुन्हा जाणार आहे. योग्य मापाची पेटी आणून त्याने गेल्या रविवारी इमारतीच्या आवारात ती चढवून पाहिली. मी विजेरी धरून उभा होतो. पहिल्या खेपेस पंचवीस मिनिटे लागली, दुसऱ्या खेपेस बारा.

आपणांपैकी जे जाणार असतील त्यांचा प्रवास सुखरूप होवो. पुढील अंकी पुन्हा भेटूच.