अळवाची खाज आणि मुतखड्याची भीति

श्रावण लागला कीं परसांतलें अळू माजतें आणि आमच्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो : घरांतील वडील माणसास मुतखडा आहे, त्यांच्या ताटांत अळवाची भाजी वाढावी कीं नाहीं? आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत याच प्रश्नावरून सासूसुनांत जरा बोलाचाली झाली. निकाल असा लागला कीं, मामंजींच्या ताटांतून अळू तर गेलेंच, पण खड्यांत कॅल्शियम असतें म्हणून दूध, दहीं व ताक हींही गेलीं. पहिला निर्णय निम्मा बरोबर होता; दुसरा चूक होता, आणि धोका त्याचाच अधिक.

मूळ कारण ऑक्झॅलिक आम्ल. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, आणि अळवाच्या पानांत, देठांत व कंदांत हें आम्ल दोन रूपांनीं असतें. एक पाण्यांत विरघळणारें. दुसरें कॅल्शियमशीं जखडलेलें, न विरघळणारें. या दुसऱ्याच्या अतिसूक्ष्म, अणकुचीदार सुया बनतात व त्यांच्या जुड्या पेशींत भरलेल्या असतात. कच्चें पान चावतांच त्या जिभेंत व घशांत रुततात. केवळ सुयांचाच हा अपराध नव्हे. त्यांच्या अंगास चिकटलेलें एक प्रथिनही खाजेस कारण होतें, असें १९९० नंतरच्या दशकांतील प्रयोगांत दिसून आलें आहे.

चिंच किंवा आमसूल घातलें म्हणजे खाज मरते, हें आपल्या स्वयंपाकघरांतील ठाम मत. रसायनशास्त्र येथें थोडें कां-कूं करतें. कॅल्शियम ऑक्झॅलेट अशा सौम्य आम्लांत फारसें विरघळत नाहीं. त्यास तीव्र खनिज आम्ल लागतें. खाज घालविण्याचें मुख्य काम दीर्घकाळ शिजण्याचें. तरीही चिंच वगळा असें आम्ही म्हणणार नाहीं. आंबटावांचून फदफदें तें फदफदें नव्हे! मात्र अर्धवट शिजलेल्या भाजींत चिंचेवर भिस्त ठेवूं नये. वडीचेंही तेंच : उंडे पुरते उकडूनच कापावे.

मुतखड्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें विरघळणारें ऑक्झॅलेट, कारण तेंच आंतड्यांतून रक्तांत व पुढें लघवींत उतरतें. पानें भरपूर पाण्यांत उकळून पाणी टाकून दिलें तर त्याचा बराच भाग जातो. त्याबरोबर क जीवनसत्त्वही जातें, त्यास इलाज नाहीं. आपल्याकडे बहुधा तें पाणी भाजींतच आटवितात, आणि वडींत तर टाकावयास पाणीच नसतें. फदफद्यांतील शेंगदाणेही ऑक्झॅलेट बाळगून असतात, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां ताकाविषयीं. जेवणांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झॅलेटला गांठतें. दोहोंचा न विरघळणारा क्षार होऊन तो मळावाटे निघून जातो. ताक काढून घेतलें कीं ऑक्झॅलेट मोकळें सुटतें. अमेरिकेंतील सुमारें ४५ हजार पुरुषांच्या आहाराची जी पाहणी १९९३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत अन्नांतून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांस मुतखडे कमी झाल्याचें आढळलें. अन्नांतून, हें विसरूं नये. गोळ्यांची गोष्ट निराळी.

सासूबाईंचें म्हणणें, अळवानें हाडें बळकट होतात व रक्त वाढतें. पोषणकोष्टकांत कच्च्या पानांत बरेंच कॅल्शियम सांपडतें खरें, पण त्यांतील पुष्कळसें ऑक्झॅलेटच्या कैदेंत असल्यानें आपल्या अंगीं थोडेंच लागतें. पालेभाज्यांतील लोहही शरीर कमीच शोषतें. अळवाचा खरा लाभ कॅरोटीनचा. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, आणि त्याच्या शोषणास स्निग्धांश लागतो, म्हणून फोडणींत तेलाची कंजुषी नको. देठाचा रस रक्तस्तंभक म्हणून जुन्या औषधिग्रंथांत सांगितला आहे. पण रसही खाजरा असतो, तेव्हां जखमेवर त्याचा प्रयोग घरीं करूं नये. रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉर्फरिन घेणाऱ्यांनीं पालेभाज्यांचें प्रमाण वैद्यकीय सल्ल्यावांचून एकाएकीं बदलूं नये, कारण त्यांत के जीवनसत्त्व असतें.

त्या कुटुंबास आम्हीं इतकेंच सुचविलें कीं, पडलेला खडा सांपडल्यास प्रथम तपासून घ्यावा. युरिक आम्लाचा निघाला तर पथ्य वेगळें. तोंवर पाणी भरपूर प्यावें, अळू क्वचित् व वाटीभर, पाणी टाकून शिजविलेलें, आणि सोबत ताक. मामंजींचें ताक दुसऱ्याच दिवशीं परत आलें. वड्यांचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाहीं.