किनारा मोजणारे आणि माणसे मोजणारे

दिवाळीची सुट्टी सरली की कोकणच्या किनाऱ्यावर भूगोलाच्या अभ्याससहलींचा हंगाम सुरू होतो. विद्यार्थी सकाळी पुळणीवर मापनदंड रोवतात, फीत ताणतात, वाळूचा उतार टिपतात; दुपारी तीच मंडळी छापील प्रश्नावल्या घेऊन वाडीत शिरतात. सकाळच्या कामाला प्राकृतिक भूगोल म्हणायचे, दुपारच्या कामाला ग्रामीण वंचिततेचा अभ्यास. अहवालात दोहोंची प्रकरणे वेगळी, नकाशे वेगळे, गुणही वेगळे. या दोन प्रकरणांच्या मध्ये जी कोरी जागा सुटते, नेमका तिथेच किनाऱ्यावरील गरिबाचा संसार मांडलेला असतो, असे आमचे म्हणणे आहे.

शेतकऱ्याची मालमत्ता सातबाऱ्यावर असते. कोळी, गाबीत, खारवी, दालदी यांची उपजीविका ज्या जमिनीवर उभी आहे, तिला बहुधा सातबाराच नाही. होडी ओढून ठेवण्याची पुळण, जाळी पसरण्याची आणि मासळी सुकवण्याची जागा, ओहोटीला उघडा पडणारा आणि बायका कालवे-तिसऱ्या काढतात तो खडकाळ व चिखलाचा पट्टा, हीच त्यांची इस्टेट. सिंधुदुर्गातील रापण पाहा. होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही सामुदायिक मासेमारी. तिला मोकळी, सलग पुळण लागते. समुद्राने ती खाल्ली, किंवा तिच्यावर दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा उभा राहिला, की रापणीला जागाच उरत नाही. म्हणजे वाळूचा उतार हा त्या वाडीच्या उत्पन्नाचाच आकडा होय. सकाळी तो आकडा वहीत टिपणारा विद्यार्थी दुपारी मात्र विचारतो, "घरी दूरदर्शन संच आहे काय?"

आणि येतात केव्हा? डिसेंबरात. पावसाळी लाटा पुळणीवरील वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात, शांत ऋतूत ती पुष्कळशी परत येते. तेव्हा एका दिवसाच्या मोजणीवरून धूप ठरवणे म्हणजे सुगीच्या दिवशी कणगी पाहून शेतकऱ्याची वर्षभराची स्थिती ठरवणे! गरिबीलाही ऋतू असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, आणि चूल पेटते ती व्यापाऱ्याच्या उचलीवर. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली लिहिले होते की ग्रामीण दारिद्र्य पाहायला जाणारा बाहेरचा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचे, कोरड्या ऋतूतले आणि पुरुषांनी सांगितलेले तेवढेच पाहून परततो. आमच्या सहली आजही त्याच रस्त्याने जातात. मासळी विकायला गेलेली बाई अकरा वाजता घरी सापडत नाही. मग तिच्या व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" असे कोणीतरी सांगतो आणि ते लिहिले जाते.

हा दोष विद्यार्थ्यांपुरता असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. शासनाची मोजदादही याच साच्यातून निघते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेत ज्या वस्तू घरी असल्यास कुटुंब आपोआप वगळले जाई, त्यांत मोटारीच्या पंगतीला यांत्रिक मासेमारी होडीही बसवली होती. कर्जाने घेतलेले इंजिन होडीला लावले, आणि खलाशी दारिद्र्यातून बाहेर पडला! ही अट घरकुल योजनेतही शिरली, आणि ती काढण्याची घोषणा व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. ही यादी लिहिणाऱ्यांनी होडी पाहिली होती. होडीचे देणे पाहिले नव्हते.

दुसरीकडे किनारा मोजणारे. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. सारे नियमन उधाणाच्या भरतीरेषेपासून मोजले जाते, आणि किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० या प्रमाणावर निघतात. त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात पंचवीस मीटर. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. जिथे पट्टाच पन्नास मीटरांचा, तिथे मिलिमीटरभर सरकलेली रेघ अर्धा पट्टा गिळते. त्या रेघेखाली कोणाची सुकवणीची जागा आहे, हे भरतीरेषा आखणाऱ्याला ठाऊक असण्याची सोय त्याच्या पद्धतीत नाही.

विद्वान म्हणतील, शास्त्र तटस्थ असावे, त्यात राजकारण नको. तटस्थ जरूर असावे. पण काय मोजायचे आणि काय सोडायचे हे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणी राजकारण होऊन गेलेले असते. आणि उलट बाजूने, साथींनो, आपल्यालाही एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. जनसुनावणीला आपण घोषणा घेऊन जातो आणि समोरचा नकाशा घेऊन येतो. "आमची वाडी पिढ्यानपिढ्या इथे आहे" हे खरेच आहे, पण ते नकाशावर दाखवता आले नाही तर इतिवृत्तात एका ओळीत संपते. मोजणीचा तिटकारा ही चळवळीला न परवडणारी चैन आहे. केरळात शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी कल्याश्शेरीसारख्या पंचायतींत गावकऱ्यांना बरोबर घेऊन साधनसंपत्तीचे नकाशे केले. ते काम आपल्याला अशक्य का वाटावे?

त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. के. ओ. एमरी यांनी १९६१ साली सांगितलेली पुळण मोजण्याची रीत दोन सारख्या, खुणा केलेल्या काठ्या आणि क्षितिजाची रेघ एवढ्यावर चालते. देवळाचा चौथरा किंवा विहिरीचा कठडा अशी न हलणारी खूण धरावी; त्याच रेषेवर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि भांगाला, दरवर्षी मोजावे. त्याच वहीच्या समोरच्या पानावर त्या महिन्यात रापण किती दिवस लागली, वाटा किती पडला, उचल किती झाली हे लिहावे, आणि ते बायकांना विचारून लिहावे. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांनी ही वही पुढे चालवावी आणि तिची प्रत ग्रामसभेत ठेवल्यावाचून त्यांना गुण देऊ नयेत. पुढच्या जनसुनावणीच्या हरकतीला हीच वही जोडता येईल.