झाकल्या मुठीचा पास

ब्रिजच्या टेबलाभोवती एक विलक्षण न्यायपद्धती वर्षानुवर्षे सुखाने नांदत आहे. प्रतिपक्षाच्या बोलीला कोणी डबल केले आणि ते काँट्रॅक्ट पुरे झाले, की त्या बिचाऱ्याची भर मंडळीत शोभा होते. भिडू कपाळावर हात मारून घेतो, आणि पुढे महिनाभर ‘त्या दिवशीचे तुमचे डबल’ चहाबरोबर चघळले जाते. याच्या उलट, काँट्रॅक्ट धडधडीत डाऊन जाणार असताना जो ‘पास’ करून स्वस्थ बसला, त्याला कोणी जाब विचारीत नाही. डबलची चूक गुणपत्रिकेवर ठळक उमटते. पासच्या चुकीची नोंदच होत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! या न्यायाने आपल्याकडे भित्र्यांची एक पिढीच्या पिढी तयार झाली असून ती स्वतःला सावध म्हणवून घेते.

सावधपणाची बाजू लंगडी आहे असे मी म्हणत नाही. प्रतिपक्ष व्हल्नरेबल नाही आणि त्याने चार इस्पिक बोलले आहेत, असे समजा. एका हाताने डाऊन गेले तर पन्नास मिळतात, डबल केल्यास शंभर. म्हणजे लाभ पन्नासाचा. पुरे झाले तर चारशेवीसचे पाचशेनव्वद होतात, तोटा एकशेसत्तरांचा. चारांतून तीनदा डाऊन गेले तरी दीडशे मिळवून एकशेसत्तर घालवायचे, हा धंदा कोणी शहाणा करणार नाही. शिवाय डबल ही प्रतिपक्षाला दिलेली बातमीही असते. हुकमाची पाने कोणाकडे दडली आहेत हे त्याला आयते कळते आणि तो त्याप्रमाणे खेळतो. हातात दोन एक्के आहेत आणि प्रतिपक्षाने आपली बोली पळवली, एवढ्याच रागाने जो डबल करतो त्याचे गाढवही जाते आणि ब्रह्मचर्यही जाते. त्याची वकिली मला करायची नाही.

पण आता दुसरा डाव पाहा. आपण बदाम बोललो, प्रतिपक्ष व्हल्नरेबल असूनही इस्पिक बोलत तीनपर्यंत चढला. आपल्याकडे दोघांत मिळून आठ बदाम, त्यांच्याकडे नऊ इस्पिक. जाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच लेखकाने मांडलेला ठोकताळा असा की, दोन्ही पक्षांच्या हुकमांची बेरीज आणि दोन्ही पक्षांना आपापल्या हुकमात मिळणाऱ्या हातांची बेरीज साधारणतः सारखी असते. तो नेहमीच खरा ठरत नाही. पण येथे ठरला असे धरा. बेरीज सतरा. आपल्याला बदामात नऊ हात मिळत असतील तर त्यांना इस्पिकात आठच मिळणार. म्हणजे तीन बदामांचे आपले एकशेचाळीस गुण हिरावले गेले. चार बदाम बोललो तर आपणच डाऊन. पास केला तर मिळणार शंभर. आणि डबल केले तर दोनशे.

जोड्यांच्या स्पर्धेत हीच पाने इतर टेबलांवर खेळलेल्यांशी आपली तुलना होते. तेथे दहा गुणांनी मागे पडा की हजारांनी, शिक्षा तीच. इतरत्र एकशेचाळीस मिळत असताना शंभर घेऊन बसणारा आधीच तळाला गेलेला असतो. मग डबल करून त्याचे आणखी काय जाणार? संघांच्या सामन्यात हिशेब बदलतो. तेथे फरकाचे कोष्टकाने आय.एम.पी. होतात. दुसऱ्या टेबलावर एकशेचाळीसच झाले असतील तर यशस्वी डबल पासपेक्षा तीन आय.एम.पी. अधिक देते, फसलेले सहा नेते. म्हणजे तेथे तीनांतून दोनदा बरोबर येण्याची खात्री हवी. पाने तीच, बोली तीच, पण एका स्पर्धेत डबल कर्तव्य आणि दुसऱ्या स्पर्धेत विचाराची बाब! ‘संशय आला की पास’ म्हणणाऱ्या आमच्या बुजुर्गांनी हा भेद कधी शिकवला आहे काय?

त्याहून निंद्य तो उसासा टाकून केलेला पास. छताकडे पाहायचे, पानांशी चाळा करायचा आणि मग पास! अर्थ एवढाच की, डबल करावेसे वाटते आहे, पण जबाबदारी तू घे. अशा हावभावाने सुचवलेला मार्ग दुसरा योग्य पर्याय असताना भिडूने निवडू नये, असा ब्रिजच्या कायद्याचा सोळावा नियम सांगतो. पण क्लबात या अप्रामाणिकपणाला ‘विचारी खेळ’ म्हणतात.

1967 साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा रमीतील नशीब ब्रिजच्या पानवाटपातील नशिबाच्याच जातीचे असल्याचे म्हटले. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जोड्यांचे सुवर्णपदक आणले, तेव्हा आपण हा बुद्धीचा खेळ म्हणून छाती फुगवली. आणि टेबलावर मात्र आपण मटक्याचा आकडा फुटल्यावर शहाणे होणाऱ्यांसारखे केवळ निकालावरून माणसाची अक्कल ठरवतो! आमच्या राहनाळच्या गोदामपट्ट्यात विमा उतरवलेल्या गोदामाला वर्षभर आग लागली नाही, म्हणून मालकाला कोणी मूर्ख म्हणत नाही; आणि विमा न उतरवता जो निभावला त्याला कोणी द्रष्टाही म्हणत नाही. गोदामवाल्याला कळते ते ब्रिजपटूला कळू नये?

निर्णय घेताना जे ठाऊक होते त्यावरून निर्णय जोखावा. पुढे पाने कशी पडली त्यावरून नव्हे. हे मान्य असेल तर एक साधी शिस्त क्लबांनी पाळावी. प्रतिपक्षाचे काँट्रॅक्ट डबलशिवाय डाऊन गेले की पाने बोर्डात परत घालण्यापूर्वी पास करणाऱ्यालाही विचारावे : आपण पास का केला? कारण सांगता आले तर त्याचा पास मान्य. ‘उगाच धोका कशाला’ एवढेच उत्तर आले, तर फसलेल्या डबलला आपण जी वागणूक देतो तीच त्यालाही द्यावी. पहिल्या चार संध्याकाळी भांडणे होतील. पण पाचव्या संध्याकाळी निदान पास करणारा माणूस पास करण्यापूर्वी हातांची बेरीज करील.