डाग राहू द्या, आवाज जपा!

गॅदरिंगची तारीख लागली की जिमखान्याच्या म्युझिक रूमचं कुलूप निघतं आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून आणून कॉलेजला दिलेला जुना स्नेअर ड्रम, त्यावरचे काळपट डाग, आणि 'प्लेटिंगवाल्याकडे टाकू, नवाकोरा करून आणू' म्हणणारी एक तरी बॅच! मित्रहो, या 'नवाकोरा'ला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

हा ड्रम शिकागोच्या लडविग कंपनीचा 'सुप्राफोनिक'. व्यास 14 इंच, खोली 5 इंच. लेड झेपेलिनचा जॉन बोनम वाजवायचा तो याचाच साडेसहा इंची मोठा भाऊ. आधी याचं शेल पितळेचं असे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ते ॲल्युमिनियमचं केलं आणि वर क्रोम चढवलं. मटेरियल्सचा पेपर दिलेल्यांना पुढचं सांगायला नको. ॲल्युमिनियम क्रोमला नीट धरून ठेवत नाही. घाम आणि दमट हवा बारीक छिद्रांतून आत शिरते, खालचा धातू खराब होतो आणि वरचा थर फुगून सुटतो. म्हणजे सगळाच दोष आधीच्या बॅचेसचा नाही, तो या ड्रमचा स्वभावच आहे.

आता क्रोम म्हणजे काही कल्हई नव्हे, की आली वेळ आणि लावली! जुना थर काढा, खड्डे जाईपर्यंत शेल घासा, मग नवे थर चढवा. घासताना पत्रा पातळ होणार, आणि आवाज तर त्या पत्र्याचाच! शिवाय शेलच्या खालच्या कडेला तारा नीट टेकाव्यात म्हणून मुद्दाम ठेवलेला हलकासा उतार असतो, त्याला स्नेअर बेड म्हणतात. 'कड वाकडी दिसते' म्हणून कोणी फाइल मारली, की तारा कायमच्या खुळखुळणार.

मग काहीच करायचं नाही का? भरपूर करायचंय! सूत्र साधं आहे : जे झिजण्यासाठीच बनवलंय ते बिनधास्त बदला, बाकीचं जपा. हेड, तारा आणि तारा बांधायची दोरी म्हणजे बाइकचे टायर. शेल, रिम, लग आणि कंपनीचा बिल्ला म्हणजे इंजिन आणि चॅसी. एखादा मूळ भाग बदलावाच लागला, तर जुना फेकू नका, पिशवीत घालून ड्रमसोबतच ठेवा.

उघडण्याआधी फोटो काढा. रॉड रॉकेलने धुऊन, पुसून, आट्यांना थेंबभर तेल द्या. शेलला सौम्य साबणाचं ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं. काथ्या, पॉलिश पेपर अजिबात नको. जोडताना रॉड एकेक करून गच्च आवळू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे, सिलिंडर हेडचे बोल्ट आवळतात तसे. तेही ड्रम-कीनेच, पक्कड दूर ठेवा. वाजवून झालं की घाम पुसा.

आणि म्युझिक रूममध्ये एक वही ठेवू या. काय बदललं, कधी बदललं, कोणत्या बॅचने बदललं, सगळं त्यात लिहायचं. जर्नल आपण मार्कांसाठी लिहितो, हे पुढच्या बॅचसाठी लिहू.

जिमखान्याने प्लेटिंगचे पैसे नवी हेड, तारा आणि एका चांगल्या बॅगेवर खर्च करावेत. गॅदरिंगला डाग पाचव्या रांगेतूनही दिसत नाहीत. रिमशॉट मात्र पार लेडीज हॉस्टेलपर्यंत ऐकू जातो!